खानदेशी कवितेचे दप्तर

सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या लोहमार्गावर नंदुरबार मागे पडले, की काळ्या जमिनीतल्या कपाशीच्या रानांतून वाट काढीत गाडी अमळनेर, धरणगाव आणि जळगाव या क्रमाने थांबत येते. आणि अर्वाचीन मराठी कवितेशी ज्याचा थोडाबहुत परिचय आहे, त्याला या तीन पाट्या वाचताना आपण कवितेच्याच मुलुखातून चाललो आहोत असे वाटल्यावाचून राहत नाही. धरणगाव हे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांचे जन्मगाव. जळगावच्या अगदी नजीकचे आसोदे हे बहिणाबाई चौधरींचे माहेर आणि खुद्द जळगाव हे त्यांचे सासर. जळगावच्या पुढचे लहानसे स्थानक भादली. तेथे १९१८ च्या मे महिन्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बालकवींचा रेल्वेखाली अंत झाला. उत्तरेला तापी ओलांडून गेले तर फैजपूर लागते, जेथील शाळेत केशवसुतांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वातली काही वर्षे मुख्याध्यापकी केली. कवी विनायकांचा जन्म धुळ्याचा. इतकी नावे एका दमात घेता येतील असे प्रांत महाराष्ट्रात फार नाहीत.

तथापि कवींच्या जन्मस्थळांची यात्रा घडविणे हा या लेखाचा हेतू नव्हे. कवी कोठेही जन्मतात. त्यांना नोंदून ठेवणारी माणसे मात्र कोठेही जन्मत नाहीत. खानदेशाचे मराठी कवितेवर जे खरे ऋण आहे ते प्रस्तुत लेखकाच्या मते कवींचे जितके आहे त्याहून अधिक संग्राहकांचे आहे: वही करणाऱ्यांचे, मासिक चालविणाऱ्यांचे, निवडणाऱ्यांचे आणि प्रसंगी नाकारणाऱ्यांचे. आज या प्रांतात कवितासंग्रह आणि त्यांहूनही अधिक संख्येने ‘प्रातिनिधिक’ संग्रह निघत असता, नेमकी हीच कला क्षीण होत चालली आहे अशी शंका येते, म्हणून हा प्रपंच.

अमळनेरपासून आरंभ करण्याचे कारण एवढेच, की बोरीकाठचे हे गाव माणसे जमविण्यात प्राचीन काळापासून निष्णात आहे. सखाराम महाराजांच्या वैशाखातल्या यात्रेला नदीचे पात्र फुलून जाते. श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले आणि कापसाच्या पेठेत वेदान्ताची चर्चा करणारी मंडळी आणून बसविली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या गावी दोनदा भरले. १९५२ च्या संमेलनाचे अध्यक्षपद कृ. पां. कुलकर्णी यांच्याकडे होते, म्हणजे ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ रचणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाकडे. आणि ज्या बाजारपेठेत अहिराणी बोलल्यावाचून भाजीही मिळत नाही तेथे तो कोशकार अध्यक्ष म्हणून यावा, हा योग मोठा सूचक होता. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात सत्त्याण्णवावे संमेलन मराठी वाङ्मय मंडळाच्या यजमानपदाखाली झाले. अध्यक्ष कादंबरीकार रवींद्र शोभणे. त्याच दिवसांत, त्याच गावात, वासुदेव मुलाटे यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलनही भरले. एका तालुक्याच्या गावाने दोन मांडव एकाच वेळी पेलले, ही गोष्ट वृत्तपत्रांना वादाची वाटली. आमच्या मते ती गावाच्या स्वभावाला धरूनच झाली.

संमेलनांतून ‘कविकट्टा’ नावाचा एक शिरस्ता आता रूढ झाला आहे. मुख्य मांडवापासून काहीशा दूरच्या मंडपात सकाळपासून रात्रीपर्यंत कवी एकामागून एक येतात, नाव पुकारले जाते, एक कविता वाचली जाते, प्रमाणपत्र आणि छायाचित्र यांचा विधी उरकतो आणि पुढचे नाव पुकारले जाते. या गर्दीची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केलीही आहे. परंतु शेतीचे काम किंवा शाळेची नोकरी सांभाळून स्वखर्चाने पाचशे मैलांवरून एक कविता वाचायला येणाऱ्या माणसाच्या निष्ठेला हसण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो हे समजत नाही. प्रश्न त्या निष्ठेचा नाही. ती कविता वाचली गेल्यावर पुढे कोठे जाते, हा आहे.

ती बहुधा प्रातिनिधिक संग्रहात जाते. हे संग्रह कसे सिद्ध होतात याची वहिवाट आता सर्वपरिचित आहे. भ्रमणध्वनीवरच्या एखाद्या समूहात आवाहन फिरते. कवींनी एक किंवा दोन कविता, अल्पपरिचय, छायाचित्र आणि ठरावीक सहभागशुल्क पाठवावे. मोबदल्यात पुस्तकाच्या काही प्रती आणि सन्मानपत्र मिळेल. शुल्क भरणारा प्रत्येक जण पुस्तकात असतो आणि पुस्तकात असणारा प्रत्येक जण बहुधा त्याचा एकमेव वाचकही असतो, कारण तो आपले पान उघडून पाहतो, घरच्यांना दाखवतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. छपाईचा खर्च आगाऊ वसूल झालेला असल्याने प्रकाशकाला विक्रीची चिंता नसते. विक्रीची चिंता नसल्याने वितरणाची खटपट नसते. आणि वितरण नसल्यामुळे समीक्षकाच्या टेबलापर्यंत प्रत जाण्याचा संभव नसतो. या व्यवहारात फसवणूक नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दोन्ही पक्ष राजीखुशीने करार करतात. परंतु त्यात संपादकाचे स्थान एखाद्या बारनिशी कारकुनाचे होऊन जाते, जो आलेल्या प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घालतो आणि कोणताही अर्ज परत करीत नाही. अशा पुस्तकाला संग्रह म्हणण्यापेक्षा फेरिस्त म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

याच प्रांतात एके काळी हे काम कसे होत असे ते पाहिले म्हणजे अंतर कळून येते. मराठीत कवितांचे वेचे एकत्र करण्याची परंपरा जुनी आहे. परशुरामतात्या गोडबोल्यांचे ‘नवनीत’ १८५४ चे. परंतु ‘नवनीता’ने जुन्या कवींचे धन शाळेपर्यंत पोहोचविले; आपल्या हयातीतल्या, अद्याप नाव न झालेल्या कवीची निवड करण्याचे धाडस त्यात नव्हते. ते धाडस जळगावच्या फडणिसांनी केले. पुण्यामुंबईच्या मासिकांत कवितेला कोपऱ्यात जागा मिळत असता, खानदेशातल्या एका गावातून ‘काव्यरत्नावली’ हे निव्वळ कवितेचे मासिक चालवावे, त्यात केशवसुतांसारख्या त्या काळी दुर्बोध ठरलेल्या कवीला स्थान द्यावे, आणि ते वर्षानुवर्षे नेटाने चालवावे, ही हिकमत असामान्य म्हणावी लागेल. केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. त्यांची कविता पुस्तकरूपाने आणली ती हरि नारायण आपट्यांनी, कवीच्या मृत्यूनंतर. मधल्या सर्व काळात ती कविता जी जिवंत राहिली ती ‘काव्यरत्नावली’सारख्या मासिकांच्या अंकांतून. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, त्याच्यामागेही फडणिसांचीच खटपट होती. अध्यक्ष होते डॉ. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्यांच्यासमोर सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांनी कविता म्हटली आणि कर्नलसाहेबांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. आजच्या कविकट्ट्याचा मूळपुरुष तो मेळावाच होय. फरक इतकाच, की तेथे एकाची निवड झाली आणि ती टिकली.

दुसरा संग्राहक अमळनेरचाच, म्हणजे अमळनेरने आपला मानलेला. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञान मंदिराच्या निमित्ताने येथे आले आणि १९२४ पासून सहा वर्षे येथील हायस्कुलात शिक्षक व छात्रालयाचे चालक म्हणून राहिले. छात्रालयात मुलांसाठी ते स्वहस्ते दैनिक लिहून काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक आणि १९३८ पासून ‘काँग्रेस’ साप्ताहिक निघाले. त्यांची ‘पत्री’ सरकारने जप्त केली हे पुष्कळांना ठाऊक असते. ‘श्यामची आई’ तर घराघरात आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे पुस्तक ‘स्त्रीजीवन’ हेच होय, ज्यात त्यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून भाऊ, बहीण, माहेर, सासर अशा विषयांनुसार लावल्या आणि त्यांवर सविस्तर विवेचन केले. स्वातंत्र्याच्या लढ्यात गुंतलेल्या पुरुषाने जात्यावरचे वाङ्मय वेचण्यासाठी वेळ काढावा, याचे मोल कमी नाही. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. विषयवार मांडणीत ओवी राहते आणि ओवी गाणारी बाई नाहीशी होते. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या तेव्हा प्रत्येक ओवीसमोर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदविण्याचा कटाक्ष ठेवला. संग्रहाचे शास्त्र मधल्या काळात पुढे गेल्याचा तो दाखला आहे.

गाणारीचे नाव राहिले तर काय घडते, याचे उदाहरण आसोद्याचेच. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता त्या जे रचीत ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तसे उतरून घेतले. जे उतरून घेतले गेले नाही ते वाऱ्यावर गेले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली, अत्र्यांनी तिची योग्यता तत्काळ ओळखली आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. मराठी कवितेच्या दरबारात त्यांची ऊठबस होती. तरीही आईच्या गाण्यांना छापील पान मिळण्यासाठी तिचा मृत्यू व्हावा लागला. गाण्यांच्या प्रसिद्धीचे हे वर्ष अमळनेरच्या पहिल्या संमेलनाचेच, ही गोष्ट आम्हांस अनेकदा अस्वस्थ करते. एकीकडे व्युत्पत्तीचा प्रकांड पंडित खानदेशात अध्यक्षीय भाषण करीत होता आणि त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यातल्या बोलीतला सर्वांत मोठा कवितासंग्रह मुंबईत छापला जात होता.

बहिणाबाईंच्या भाषेला सरसकट अहिराणी म्हणण्याची चूक आजही सुशिक्षितांकडून घडते. त्यांची बोली जळगाव, यावल, रावेर या पट्ट्यातली लेवागणबोली. अहिराणीचा प्रदेश अमळनेर, पारोळा, धुळे, शिरपूर असा पश्चिमेला पसरत जातो आणि नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणपर्यंत पोहोचतो. त्यापुढे सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली आणि तिची भावंडे. सरकारी दप्तरांत या मुलुखाची भाषिक जमाबंदी कधीच सुबोध नव्हती. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा खानदेशीविषयीचा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे जळगावच्या कविसंमेलनाच्याच वर्षी. आणि त्यात त्याने खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ल भाषांच्या शेजारी बसविले. २०११ च्या जनगणनेतही ‘खानदेशी’ स्वतंत्र मोजली गेली असून तिचे भाषक अठरा लाख साठ हजारांच्या घरात दाखविले आहेत. अहिराणी ही मराठीची बोली की निराळी भाषा, हा वाद विद्वानांनी घालावा. परंतु संग्रहकर्त्याला त्याचे उत्तर पुस्तकाच्या पानावर, टंकाच्या आकारात आणि तळटीपेच्या लांबीत द्यावे लागते, आणि तेथे त्याची खरी कसोटी लागते.

कारण बोलीतली कविता छापणे हे उतरून घेण्याहूनही अवघड. प्रमाण मराठीतला ‘ळ’ अहिराणीत पुष्कळदा ‘य’ होतो; अर्धवट उच्चारलेल्या स्वरांना नागरी लिपीत चिन्ह नाही; आणि एकच शब्द शिरपूरकडे एक तर सटाण्याकडे दुसऱ्याच रूपात येतो. अक्षरजुळणी करणाऱ्याला हे सर्व चुकीचे वाटते आणि तो सद्हेतूने दुरुस्त करतो. मुद्रितशोधकाच्या हातून काही सुटले तर संपादकाला मोह होतो, की जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला कळावे म्हणून दोनचार ठिकाणी प्रमाण रूप घालावे. शेवटी कवितेत बोली उरते ती क्रियापदांपुरती, जशी शहरात स्थायिक झालेल्या माणसाच्या बोलण्यात सणावारी येते तशी. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’चे अहिराणी अंक संपादिले आणि ‘आदिम तालनं संगीत’ हा संपूर्ण अहिराणी कवितासंग्रह २००० साली प्रसिद्ध केला. या कामांमुळे पुढच्या संपादकाच्या हाती आता पुरेसे साहित्य आहे. बोली कळत नाही ही सबब त्याला यापुढे सांगता येणार नाही.

शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. भिल्ली आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या या कवीने आदिवासींच्या वतीने इतरांनीच बोलावे या रिवाजावर आपल्या कवितेतून जी हरकत घेतली, ती संग्रहकर्त्यांनाही लागू पडते. प्रातिनिधिक म्हणविणारा संग्रह कोणाचा प्रतिनिधी आहे, आणि त्याला ते मुखत्यारपत्र कोणी लिहून दिले, हा प्रश्न ‘गोधड’ वाचल्यानंतर टाळता येत नाही. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक संग्रहांत शेवटी एक-दोन आदिवासी कविता जोडलेल्या असतात; त्या तेथे केवळ तपशील पुरा करण्यासाठी असतात, हे उघड दिसते.

निवड म्हणजे काय, हे या प्रांतात अलीकडच्या काळात सर्वांत चोख जाणले ते धुळ्याच्या पुरुषोत्तम पाटलांनी. धुळे हे मुळातच जतनाचे गाव आहे. इतिहासाचार्य राजवाडे तेथेच कागदपत्रांच्या राशीत वारले आणि त्यांच्या पश्चात संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून रामदासी हस्तलिखिते आणली आणि समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. ‘अनुष्टुभ्’च्या संपादनाचा अनुभव गाठीशी घेऊन पाटलांनी १९८५ साली ‘कवितारती’ हे द्वैमासिक सुरू केले, तेव्हा कवितेला आणि कवितेच्या समीक्षेला वाहिलेले नियतकालिक जिल्ह्याच्या गावातून चालेल असे फार थोड्यांना वाटले असेल. ते चालले, २०१७ मध्ये पाटील गेल्यानंतरही चालले. ‘कवितारती’त कविता येणे ही नव्या कवीला सनद वाटे, आणि तशी ती वाटण्याचे एकमेव कारण हे, की तेथून कविता परतही येत असत. स्वतः पाटील उत्तम कवी होते, परंतु संपादकीच्या कामात त्यांच्यातला कवी मागे राहिला, असे त्यांचे चाहते खेदाने म्हणतात. आम्हांला त्यात खेदाचे कारण दिसत नाही. ‘तळ्यातल्या सावल्या’ लिहिणारा कवी आणि शेकडो कवितांतून दहा उचलणारा संपादक यांत मराठी कवितेला दुसऱ्याची गरज अधिक होती.

नव्या पिढीत या मार्गाने जाणारे नाहीत असे नव्हे. जळगावजवळच्या कडगावहून नामदेव कोळी यांनी काढलेला ‘वाघूर’ हा दिवाळी अंक खेड्यातून संपादित होऊनही महाराष्ट्रभर वाचला जातो, आणि नदीचे नाव धारण करणारा तो अंक प्रादेशिकतेचे प्रदर्शन मांडीत नाही, हे विशेष. प्रादेशिक म्हणजे ज्वारी, बैल आणि ‘मले-तुले’ यांचा शिधा, अशी समजूत असणाऱ्यांनी भालचंद्र नेमाड्यांची ‘मेलडी’ जरूर पाहावी. सांगवीचा हा कवी खानदेशाची कोणतीही खूण कपाळावर न लावता लिहितो. बालकवींची भाषा तरी कोठे खानदेशी आहे? उलट ना. धों. महानोर यांचे पळसखेड अजिंठ्याच्या डोंगराकडचे, मराठवाड्याच्या हद्दीतले, पूर्वीच्या निजामी राज्यातले. म्हणून ‘रानातल्या कविता’ खानदेशी संग्रहाबाहेर ठेवायच्या काय? महसुली हद्दीवर कवितेची खातेफोड करू गेल्यास पदरात काय पडेल ते दिसतेच आहे. याच महानोरांनी ‘पळसखेडची गाणी’ या नावाने गावातली लोकगीते संकलित केली; कवी आणि संग्राहक एका देहात नांदल्याचे ते उदाहरण आहे.

आता खानदेशी कवितेचा एक संग्रह खरोखरच करावयाचा झाला, तर तो कसा लावावा? नावांच्या अकारविल्ह्याने लावला तर कोणाचाच रोष होत नाही आणि कोणतेही म्हणणे उरत नाही. तालुकावार लावणे ही तहसीलदारी झाली. बोलीवार लावला तर प्रमाण मराठीत लिहिणारा अमळनेरचा कवी कोठे बसवावा, हा पेच. आमची सूचना अशी, की प्रत्येक कविता ज्या वर्षी प्रथम छापली गेली त्या वर्षाच्या क्रमाने लावावी, आणि कवीच्या नावाखाली, तितक्याच ठळक अक्षरांत, ती प्रथम ज्याने उतरून घेतली अथवा छापली त्या माणसाचे वा नियतकालिकाचे नाव द्यावे. केशवसुतांच्या कवितांखाली ‘काव्यरत्नावली’ येईल, बहिणाबाईंखाली सोपानदेव आणि पितांबर चौधरी येतील, पुढे ‘कवितारती’ येईल. या क्रमाने १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई १८९० साली जन्मलेल्या बालकवींच्या पुष्कळच मागे पडतील, ‘रानातल्या कविता’च्या अवघी पंधरा वर्षे आधी. त्यांना इतका उशीर का झाला हे वाचकाला तळटीपेवाचून कळेल.

राहता राहिली आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, श्रावणात कानबाई बसते तेव्हाची गाणी आणि वहीगायनाच्या परंपरेतली पदे. त्यांना साल नाही, कर्ता नाही, आणि पुष्कळशी अजून कोणी उतरूनही घेतलेली नाहीत. कोणी त्यांना परिशिष्टात घालण्याची तजवीज करील. आमचे मत ती पहिल्या पानावर असावीत असे आहे, प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव घालून, आणि या कामासाठी जो कोणी गावोगाव हिंडेल त्याचा प्रवासखर्च सहभागशुल्कातून नव्हे, तर विद्यापीठाने आणि साहित्यसंस्थांनी आपल्या तिजोरीतून द्यावा. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव २०१८ पासून आहेच.